जुने ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे : ६ जीबीचे जीटीएक्स १०६० की ८ जीबीचे आरएक्स ५८०?

टिळकनगरकर, इंदूर

नमस्कार. धाकट्या भावाच्या संगणकासाठी वापरलेले ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे आणि दोन पर्यायांपाशी विचार अडला आहे, म्हणून येथील जाणकारांचे मत हवे आहे. आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये एका दुकानदाराकडे एनव्हिडियाचे ६ जीबीचे जीटीएक्स १०६० सात हजार रुपयांना आहे. राऊ येथील एक खासगी विक्रेता एएमडीचे ८ जीबीचे आरएक्स ५८० पाच हजार आठशेला द्यायला तयार आहे. दुकानदार सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतो. राऊचे गृहस्थ त्यांच्या घरी कार्ड हवे तितका वेळ चालवून दाखवतील, मात्र एकदा घेऊन गेल्यावर त्यांची जबाबदारी संपेल असे त्यांनी आधीच सांगितले आहे.

संगणक जुना आहे : इंटेलचा आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, २४० जीबीची एसएसडी आणि विंडोज १०. मॉनिटर बावीस इंची, १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा असून त्याच्या खोक्यावर फ्रीसिंक (पडद्याने कार्डाच्या गतीशी जुळवून घेण्याची सोय) असे छापलेले आहे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कॅबिनेटबरोबरच आला होता व त्यावर ४५० वॅट लिहिले आहे. भाऊ मुख्यतः व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ खेळतो. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक २०७७ हे दोन गेम खेळून पाहण्याची त्याची फार दिवसांची इच्छा आहे. एकूण खर्च नऊ हजारांच्या आत राहिला पाहिजे.

माझा गोंधळ असा आहे की तुलनेचे जे व्हिडिओ पाहिले त्यांपैकी काहींत १०६० स्पष्टपणे पुढे दिसते, तर काहींत ५८० तितक्याच स्पष्टपणे पुढे दिसते. गेमही पुष्कळदा तेच असतात. यांतले खरे कोणते धरायचे?

फ्रेमगणक

दोन्ही खरे धरावेत. फक्त तो व्हिडिओ कोणत्या वर्षीचा आहे आणि त्यातील प्रोसेसर कोणता आहे, हे आधी पाहावे. जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये बाजारात आले आणि आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये. त्या काळातील बहुतेक गेम डायरेक्टएक्स ११ वर (गेम आणि कार्ड यांच्यातील दुव्याच्या एका पद्धतीवर) चालत, आणि त्या पद्धतीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर आपले काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये अधिक चांगल्या रीतीने वाटून घेत असे. एएमडीचा ड्रायव्हर तेथे एकाच कोअरवर जास्त भार टाकत असल्याने, कार्डाची ताकद शिल्लक असूनही प्रोसेसर धापा टाकू लागे आणि फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) घसरत. पुढे डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या पद्धतींवर लिहिलेले गेम आले. त्यांत हा भार ड्रायव्हरकडून बऱ्याच अंशी गेमच्याच इंजिनाकडे गेला आणि ५८० ची दबून राहिलेली ताकद दिसू लागली. त्यामुळे २०१७ चा व्हिडिओ आणि २०२३ चा व्हिडिओ यांचे निष्कर्ष उलट निघाले, तर त्यात लबाडी असेलच असे नाही.

ती ताकद कागदावरही दिसते. ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचे गणित करणारे छोटे घटक) आहेत, मेमरीची वाट २५६ बिटची आहे आणि मेमरीचा वेग सेकंदाला २५६ जीबी आहे. १०६० मध्ये १२८० शेडर, १९२ बिटची वाट आणि सेकंदाला १९२ जीबी एवढा वेग आहे. दोन कंपन्यांच्या शेडरची संख्या समोरासमोर ठेवून तुलना करता येत नाही, हे खरे आहे, कारण एनव्हिडियाची ती रचना कमी शेडरांतून अधिक काम काढून घेत असे आणि तिचा क्लॉकही जास्त होता. मेमरीचे मात्र तसे नाही. ८ जीबी म्हणजे ८ जीबीच, आणि रेड डेडसारख्या गेममध्ये टेक्श्चरची सेटिंग वर नेली की हा फरक फ्रेमच्या सरासरीत नव्हे, तर मधूनमधून बसणाऱ्या झटक्यांच्या रूपाने जाणवतो. सरासरीचा आकडा पाहून कार्ड निवडणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

आता आपल्या भावाचे गेम घेऊ. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांना आपल्या संगणकावर प्रोसेसरच अडवणार आहे. आय५-४५७० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, त्यामुळे कोणतेही कार्ड बसवले तरी त्या दोन गेममध्ये फार मोठा फरक पडणार नाही, आणि जो थोडा पडेल तो १०६० च्या बाजूने असेल. जीटीए ५ ची २०१५ मधील मूळ आवृत्ती डायरेक्टएक्स ११ वर चालते आणि तीही १०६० ला अनुकूल आहे, पण १०८०पी व ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर दोन्ही कार्डे तो गेम आरामात चालवतील. रेड डेड रिडेम्प्शन २ व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ वर चालतो आणि त्यात ५८० पुढे राहते. सायबरपंकच्या निर्मात्यांनी किमान गरज म्हणून १०६० चे ६ जीबीचे आणि ५८० चे ८ जीबीचे कार्ड शेजारी शेजारीच लिहिलेले आहे. म्हणजे दोन्हींवर तो चालेल, पण सेटिंग खालची ठेवून आणि एफएसआरची, म्हणजे कमी रिझोल्युशनचे चित्र मोठे करणाऱ्या तंत्राची, मदत घेऊन. एनव्हिडियाचे तसेच तंत्र डीएलएसएस १०६० वर चालत नाही, कारण ते फक्त आरटीएक्स मालिकेसाठी आहे. एएमडीचे एफएसआर मात्र दोन्ही कार्डांवर चालते, ही थोडी गमतीची गोष्ट आहे.

काही नवे गेम दोन्ही कार्डांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, हेही भावाला आत्ताच सांगून ठेवावे. डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधील डूम : द डार्क एजेस यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचे गणित कार्डातच करण्याची सोय) अनिवार्य आहे, आणि ते या दोन्हींत नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत दोन्ही कार्डे उतरणीला लागली आहेत. एएमडीने २०२३ च्या उत्तरार्धात ५८० ची पिढी मुख्य शाखेतून काढून वेगळ्या शाखेत ठेवली. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षिततेचे अपडेट द्यायचे ठरवले. भावाच्या यादीतील गेम जुनेच असल्याने यामुळे आज काही अडणार नाही.

मत देण्यापूर्वी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत : एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिले आहेत, आणि मॉनिटरला मागे कोणकोणते पोर्ट आहेत.

घाई_नको

माझे मत थोडे वेगळे आहे. चार-सहा महिने थांबून आणखी दोन-तीन हजार जोडावेत आणि जीटीएक्स १६६० सुपर पाहावे. ते ऑक्टोबर २०१९ चे असून त्यात जीडीडीआर६ मेमरी आहे, १२५ वॅटमध्ये चालते, १०६० पेक्षा ठळकपणे वेगवान आहे आणि त्याच्या पिढीचा ड्रायव्हर आधार अजून संपलेला नाही. तेवढे थांबणे शक्य नसेल, तर निदान रॅमची दुसरी स्टिक आधी घ्यावी. सायबरपंकची किमान मागणीच १२ जीबीची आहे, आणि ८ जीबीची एकच स्टिक ठेवून ग्राफिक्स कार्डांचा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

एक सावधगिरीचा इशाराही देतो. याच किमतीच्या आसपास कोणी आरएक्स ६५०० एक्सटी सुचवले, तर ते नवे आहे म्हणून भुलू नये. त्या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड व मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन आहेत, आणि एच८१ बोर्डावर ग्राफिक्सचा स्लॉट दुसऱ्या पिढीच्याच वेगाने चालतो. त्यामुळे त्याचे नवेपण तेथेच अडकून पडते. १०६० आणि ५८० यांना पूर्ण सोळा लेन असल्याने या बोर्डावर त्यांचे फारसे नुकसान होत नाही.

सुटे_भाग

मी दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून कोणते कार्ड वेगवान हा प्रश्न बाजूला ठेवून या किमतीला मिळणारे कार्ड मुळात कोणत्या अवस्थेत असते यावर लिहितो. माझ्या मते आपला निर्णय तेथेच होणार आहे.

८ जीबीच्या ५८० ला एक इतिहास आहे. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (कार्डावर गणिते सोडवून ते चलन कमावण्यासाठी) लागणारी माहितीची फाइल सतत वाढत जात असे, आणि डिसेंबर २०२० च्या सुमारास तिने ४ जीबीची मर्यादा ओलांडली. त्यानंतर ४ जीबीची कार्डे त्या धंद्यातून बाहेर पडली, पण ८ जीबीची कार्डे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद करेपर्यंत राबत राहिली. म्हणून आज बाजारात दिसणारे ८ जीबीचे ५८० मायनिंगमधून आलेले असण्याची शक्यता ४ जीबीच्या कार्डापेक्षा अधिक आहे. ६ जीबीची १०६० सुद्धा त्या कामाला जुंपली गेली होती, पण ५८० हे मायनरांचे विशेष लाडके होते.

मायनिंगचे कार्ड म्हणजे मेलेले कार्ड, असे मी मानत नाही. मायनर लोक चिपचा व्होल्टेज कमी ठेवत आणि तापमान स्थिर राखत, त्यामुळे चिप पुष्कळदा ठणठणीत असते. झीज होते ती पंख्यांची, सुकून गेलेल्या थर्मल पेस्टची आणि रात्रंदिवस ताणलेल्या मेमरीची. पंखा बदलता येतो आणि पेस्ट किरकोळ खर्चात नवी लावता येते. मेमरीची चिप बिघडली, तर पाच हजारांच्या कार्डावर ती बदलण्याचा खर्च परवडत नाही.

खरा सापळा बायोसचा, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्रामचा, आहे. मायनिंगचा वेग वाढवण्यासाठी ५८० च्या बायोसमध्ये मेमरीचे टायमिंग बदलले जात. एएमडीचा ड्रायव्हर असा बदललेला बायोस ओळखतो आणि चालू होण्यास नकार देतो. त्यावर उपाय म्हणून मायनर लोक आपल्या संगणकातील ड्रायव्हरची ती तपासणीच पॅच करून काढून टाकत. याचा परिणाम असा होतो की विक्रेत्याच्या घरी कार्ड सुरळीत चालते, आपण पैसे देऊन घरी आणतो, आणि आपल्या विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ हा बिघाडाचा संदेश दिसतो. म्हणून राऊला जाताना एएमडीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये न्यावा, तेथील जुना ड्रायव्हर पूर्ण काढून हा नव्याने टाकायला सांगावे, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावरच तपासणीला लागावे. विक्रेत्याने याला टाळाटाळ केली, तर उत्तर मिळाले असे समजून परत यावे. अनेक ५८० कार्डांच्या कडेला बायोस बदलण्याचा एक छोटा स्विच असतो, आणि दुसऱ्या बाजूला मूळ बायोस शाबूत असण्याची शक्यता असते. १०६० च्या बाबतीत ही विशिष्ट भीती नाही, कारण त्या पिढीपासून एनव्हिडियाची कार्डे कंपनीची सही नसलेला बायोस स्वीकारत नाहीत.

१०६० चे सोंग घेतलेली कार्डे मात्र असतात. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय अशा कितीतरी जुन्या कार्डांवर बनावट बायोस चढवून ती १०६० म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम चालवला, तर तो अशा अनेक कार्डांच्या नावापुढे ते बनावट असल्याची खूण दाखवतो. तेथेच शेडर १२८० आहेत हेही पाहावे. ११५२ दिसले, तर ते बहुधा ३ जीबीचे निम्न प्रतीचे रूप आहे, आणि त्याला सात हजार देण्याचे काहीच कारण नाही.

५८० मध्येही असाच दुहेरी प्रकार आहे. चीनच्या बाजारासाठी २०१८ मध्ये ५८० याच नावाने २०४८ शेडरचे एक रूप काढले गेले, जे प्रत्यक्षात आरएक्स ५७० या खालच्या कार्डाच्या बरोबरीचे आहे. आपल्याकडे अनोळखी ब्रँडच्या चकचकीत खोक्यांतून ते पुष्कळ आले. जीपीयू-झेडमध्ये २३०४ दिसले तरच त्याला पूर्ण ५८० म्हणावे.

आता प्रत्यक्ष चाचणी. कार्ड बाहेर काढून चिपच्या भोवती चिकट, पिवळसर डाग दिसतात का, ते विजेरीच्या उजेडात पाहावे. बंद पडलेले कार्ड हीटगनने तापवून तात्पुरते जिवंत करणारे काही लोक असतात, आणि असे कार्ड फार दिवस टिकत नाही. पंखे बोटाने फिरवून घरघर किंवा डगमग जाणवते का, ते तपासावे. त्यानंतर एचडब्ल्यूइन्फो हा मोजमापे दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून अर्धा-पाऊण तास एखादा जड गेम किंवा हेवन बेंचमार्क चालवावा. ५८० साठी एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरीच्या चुका मोजणारी एक ओळ असते. ती शून्यावर राहिली पाहिजे. आकडा वाढत असेल, तर पडद्यावर आज काही दिसत नसले तरी मेमरी थकली आहे. तापमान पाहताना ऋतू लक्षात घ्यावा. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकेच कार्डही वर सरकते. जानेवारीत ७० अंशांवर राहिलेले कार्ड इंदूरच्या मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या खोलीत कुठे पोहोचेल, याचा अंदाज त्यावरून घेता येतो.

टिळकनगरकर, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेली माहिती देतो. एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या समोर १८ अँपिअर असे लिहिले आहे. सहा किंवा आठ पिनची ग्राफिक्स कार्डाची केबल त्याला नाही. राऊचे विक्रेते म्हणतात की ते मोलेक्स या जुन्या चार पिनी जोडणीवरून आठ पिन करणारा कन्व्हर्टर फुकट देतील. मॉनिटरला मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए एवढेच पोर्ट आहेत, डिस्प्लेपोर्ट नाही.

घाई_नको यांचा सल्ला पटतो, परंतु भावाची परीक्षा संपून सुट्टी लागते आहे आणि थांबण्याची त्याची तयारी नाही. रॅमची आठ जीबीची दुसरी स्टिक एका मित्राकडून मिळण्यासारखी आहे, त्यामुळे ती या हिशेबाबाहेर ठेवावी.

फ्रेमगणक

या माहितीने प्रश्न बराच सोपा झाला.

१८ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे २१६ वॅट. बाहेर ४५० लिहिले असले, तरी ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ज्या वाटेने वीज घेतात तिची कमाल क्षमता एवढीच आहे, तीही लेबल प्रामाणिक असेल तर. आपला प्रोसेसर ८४ वॅटचा आहे, १०६० हे १२० वॅटचे आणि ५८० हे १८५ वॅटचे. मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे यांचे चाळीसएक वॅट धरले, तर १०६० बरोबर बेरीज २४५ च्या आसपास जाते आणि ५८० बरोबर तीनशेच्या वर. म्हणजे हा एसएमपीएस दोन्हींना पुरत नाही. आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज घेणे अपेक्षित असते. ते काम अशा एसएमपीएसच्या बारीक मोलेक्स तारांवर टाकणे धोक्याचे आहे. फुकट मिळत असला, तरी तो कन्व्हर्टर घेऊ नये.

नवा एसएमपीएस दोन्ही परिस्थितींत घ्यावाच लागणार असेल, तर १०६० ची सर्वांत मोठी जमेची बाजू, म्हणजे कमी विजेवर चालणे, आपल्यासाठी बरीच हलकी होते. ८० प्लसचे प्रमाणपत्र असलेला, आठ पिनची केबल असलेला, चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५०० वॅटचा एसएमपीएस साधारण तीन हजारांच्या आसपास मिळावा. १०६० घेतले, तर एकूण दहा हजार होतात आणि आपली मर्यादा ओलांडली जाते. ५८० घेतले, तर आठ हजार आठशेत काम भागते.

दुसरा मुद्दा मॉनिटरचा. ५८० फ्रीसिंक एचडीएमआयवरूनही चालवू शकते. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ मध्ये फ्रीसिंक मॉनिटरांना आधार दिला खरा, पण १०६० वर तो फक्त डिस्प्लेपोर्टमधून मिळतो, आणि आपल्या मॉनिटरला तो पोर्टच नाही. चार थ्रेडच्या प्रोसेसरवर फ्रेमचा वेग खालीवर होत राहणार, हे ठरलेले आहे. अशा वेळी पडद्याने कार्डाच्या गतीशी जुळवून घेणे हे मला पाच-सात जास्तीच्या फ्रेमपेक्षा मोलाचे वाटते. मॉनिटर बहुधा ४८ ते ७५ हर्ट्झच्या दरम्यानच हे करू शकेल, म्हणून सेटिंग अशी ठेवावी की फ्रेम ४८ च्या खाली शक्यतो जाऊ नयेत.

वीजबिलाचेही सांगून टाकतो. दोन कार्डांतील फरक साधारण ६५ वॅटचा आहे. रोज तीन तास खेळले, तर महिन्याला सुमारे सहा युनिटचा फरक पडतो. आपल्या बिलावरील दराने तो गुणून पाहावा, त्यावर निर्णय फिरावा इतकी ती रक्कम नाही. शिवाय एएमडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये ५८० चा व्होल्टेज थोडा उतरवता येतो आणि फ्रेमची कमाल ७५ वर बांधता येते. बऱ्याच कार्डांवर एवढ्यानेच उष्णता आणि पंख्याचा आवाज दोन्ही कमी होतात, आणि तीसेक वॅट वाचणेही अशक्य नाही.

भावाला पुढे खेळाचे रेकॉर्डिंग किंवा थेट प्रक्षेपण करायचे असेल, तर मात्र १०६० चा एन्कोडर (व्हिडिओ नोंदवणारा भाग) निश्चितच सरस आहे. तशी गरज नसेल, तर माझे मत ५८० ला, अर्थात सुटे_भाग यांनी सांगितलेल्या चाचणीतून ते पार पडले तर.

पेंग्विनप्रेमी

एक छोटी भर घालतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि आय५-४५७० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. पुढेमागे हा संगणक लिनक्सवर न्यायचा विचार असेल, तर ५८० चा ड्रायव्हर कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो आणि खुला असल्याने त्याची देखभाल कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. १०६० ला तेथे एनव्हिडियाच्या जुन्या बंद शाखेवरच राहावे लागेल. मात्र व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, हे भावाला आधी सांगावे.

टिळकनगरकर, इंदूर

राऊच्या विक्रेत्यांना जीपीयू-झेडचा फोटो पाठवायला सांगितले होते, तो आत्ताच आला. मेमरी ८ जीबी, वाट २५६ बिट, परंतु शेडरच्या जागी २०४८ असे दिसते आहे. त्यांचे म्हणणे असे की सगळ्या ५८० मध्ये असेच असते. ड्रायव्हर नव्याने टाकायला त्यांची हरकत नाही. आता काय करावे?

सुटे_भाग

सगळ्या ५८० मध्ये असे नसते. ते गृहस्थ कदाचित फसवत नसतील. त्यांनाही कोणी असेच सांगून विकले असण्याची शक्यता आहे, म्हणून वाद न घालता फक्त किमतीवर बोलावे. हे कार्ड टाकाऊ नाही. ५७० च्या तोडीचे कार्ड, तेही ८ जीबीचे, आपल्या प्रोसेसरला पुरेसे आहे, आणि एचडीएमआयवरील फ्रीसिंक त्यातही मिळेल. पण त्याला ५७० चीच किंमत द्यावी. मी असतो तर चार हजारांपासून सुरुवात करून साडेचारला थांबलो असतो, आणि तेही एचडब्ल्यूइन्फोमधील मेमरीच्या चुकांचा आकडा पाऊण तास शून्यावर राहिला तरच.

त्यांनी पाच हजार आठशेचाच आग्रह धरला, तर सोडून द्यावे. सिल्व्हर मॉलमधील दुकानदाराला १०६० बद्दल सहा हजार विचारून पाहावे. फ्रीसिंक मिळणार नाही, पण सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी आहे, आणि तेवढ्यावर तीन हजारांचा एसएमपीएस धरला तरी आपण नऊ हजारांवरच राहता. वॉरंटीचा तो अवधी बिलावर तारखेसह लिहून घ्यावा, आणि कार्ड आणल्याबरोबर त्याच आठवड्यात भावाला मनसोक्त खेळू द्यावे.

टिळकनगरकर, इंदूर

साडेचार हजारांचा निरोप पाठवला आहे. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन राऊला जातो. एसएमपीएस त्याआधी घेत नाही, कारण आठ पिनची केबल लागेल की सहा पिनची, हे तोपर्यंत ठरलेले नसेल.

फ्रेमगणक

एसएमपीएस आधी घेतला तरी चालेल. ६+२ पिनची (सहा किंवा आठ पिन म्हणून जोडता येणारी) केबल असलेला घ्यावा, तो दोन्ही कार्डांना लागतो. राऊला जाताना तोही बरोबर न्यावा आणि विक्रेत्यांची हरकत नसेल, तर कार्ड त्याच्यावरच चालवून पाहावे.